पिसासारखा धुरकरी

ब्रह्मपुरी,
ता. ८ जुलै १९५४

चिरंजीव मनसाराम यास,
काका भैयाजीचे अनेक आशीर्वाद. वि. वि. मी येथे खुशाल आहे. तुम्हां उभयतांचे क्षेम लिहीत जावे.

वैनगंगा दुथडी चालली आहे. नोकरी सुटली तरी सकाळची शाळेची घंटा माझ्या कानात वाजतेच. मग ओसरीवर बसून जुन्या क्रमिक पुस्तकातल्या कविता चालीवर म्हणतो. शेजारी समजतात, म्हातारा जप करतो. कविता म्हणता म्हणता डोळ्यांपुढे तुझे बाबा येतात, माझे दादा. माघातली थंडी, शंकरपटाच्या शर्यतीचे मैदान, पांढऱ्या जोडीमागे ती इवलीशी छकडी आणि तिच्यावर वाऱ्यात उडणाऱ्या पिसासारखे दादा! बैलांना मागे कुणी बसले आहे हे कळतसुद्धा नसे.

आणि गेल्या माघात त्याच छकडीवर तू. जोडी सुटली तेव्हा गर्दीतून कोणी ओरडले, की याले उतरवा आन् धानाचं पोतं ठेवा, पोतं हलकं आहे. पट हरल्यावर बाजारात तुला खरेच काट्यावर बसवले. दुसऱ्या पारड्यात भरले पोते ठेवले, आणि पोते वर गेले. सगळे हसले. मीही हसलो, दृश्यच तसे होते. तू उतरून तडक वांगी विकत घ्यायला गेलास, तेव्हा तर मला हसू आवरेना.

आता नीट ऐक. हरण्या आणि कवड्या माझे आहेत. दादांमागे तुला वाढवले म्हणून छकडी हाकणारा धुरकरी तू. पण येत्या माघापर्यंत तुझे अंग उतरले नाही, तर जोडी तुझ्या शेजारच्या डोमाच्या हाती देईन. तो काडीसारखा आहे आणि मागे लागलाच आहे.

उपाशी राहा असे मी म्हणत नाही. उपाशी राहिलास तर चोरून खाशील, तुला मी ओळखतो. पोटभर जेव, पण भाजी. ताटात भात मूठभर, बाकी सगळी भाजी. पावसात तरोटा आहे, काटवलं आहेत, बांबूचे वास्ते आहेत, परसात दोडके आहेत. वांगी वर्ज्य, वांग्याबरोबर तू भाताचा डोंगर उचलतोस. आता नुसत्या पाल्याने तुझे पोट थोडेच थांबणार? म्हणून भाजीत लाखोरीच्या डाळीचे पीठ पेरून ती घट्ट करावी, वर लाखोरीचे वरण, आणि भाकरही लाखोरीचीच. शेताच्या बांधीत धानामागून फुकट उगवते, कोठी भरून पडली आहे. सुकवलेला लाखोरीचा पालाही मडक्यात असेलच. पोट भरेल, अंग भरणार नाही.

दूध, तूप, अंडी, गूळ हे सारे जोडीला. तिला मात्र लाखोरीचा दाणा दाखवूही नये. त्याने जनावराचे पाय आखडतात असे दादा म्हणत.

भूक अनावर झाली तर हा श्लोक म्हणावा. मुद्दाम तुझ्यासाठी रचला आहे:

धावे जोडी पवन जणू ही, मागे धुरळा राही।
हलका बसला पिसापरी जो, बैलां ठाउक नाही॥

जेवणापूर्वी म्हटलास तर अधिक गुण. तुझ्या पत्राची वाट पाहतो, आणि तुझ्या हलकेपणाची त्याहून जास्त.

तुझा
भैयाजी


मौजे मोहझरी, तालुका गडचिरोली,
ता. २९ ऑगस्ट १९५४

तीर्थरूप काकाजींचे पायी,
मनसारामचे दंडवत. तुमचं पत्र धानाच्या रोवण्याच्या गडबडीत भेटलं. प्रेमिलानं वाचून दाखवलं, हे उत्तरही तिच्याच हातून लिहवतो. पोत्याचा भाग आला तं ती थांबली, मी म्हटलं वाच.

तुमच्या सांगण्यापरमानं चालून राह्यलो. ताट भरून भाजी, त्यात लाखोरीचं पीठ, वर लाखोरीची भाकर. पोट भरते, हे खरं. पण काकाजी, भात पाह्यल्याशिवाय जेवण झालं असं वाटत नाई. रोवण्याच्या बाया बांधावर शिदोऱ्या सोडतात तं मी दुसरीकडं तोंड करून तुमचा श्लोक म्हणतो. बायाईले वाटते, याले झाडावरचं भूत लागलं.

डोमा रोज संध्याकाळी कुपाटीवर टेकून उभा राह्यते. काल माझं ताट पाहून म्हणे, भाऊ, आणखी दोन पेंढ्या टाकू का? प्रेमिला त्याच्या अंगावर धावली. मी हसलो. हसू नाई तं काय करू? जोडी त्याच्या डोळ्यात आहे.

हे लिहायचं कारण, की तुम्ही जोडी द्यायची गोष्ट काढली. लेकरू नाई, शिक्षण नाई. गावात मले मनसाराम म्हणून कोणी ओळखत नाई, हरण्या-कवड्याचा धुरकरी म्हणून ओळखतात. माझी हाक आली का दोघंही मान वर करतात. तेवढंच माझ्यापाशी आहे. मी खाईन म्हणाल ते खाईन, पण जोडी माझ्या हातून काढू नका.

धोतराचा काचा आता दोन बोटं जास्त खोचावा लागते. खुशी व्हावी म्हणून कळवलं.

तुमचं लेकरू
मनसाराम


मोहझरी,
ता. २ नोव्हेंबर १९५४

तीर्थस्वरूप काकाजींचे चरणी,
प्रेमिलाचा नमस्कार. दिवाळीला तुम्ही येणार म्हणून सारवून ठेवलं होतं. आला नाहीत. प्रकृती बरी असेल अशी आशा करते.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे. ह्यांचं अंग उतरलं. गालफडं बसली. जुना सदरा खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबतो. गावातले लोक आता हसत नाहीत, विचारतात. मला वाटते पुरे झालं. पावसात भाज्यांचे प्रकार तरी होते. आता परसात वांगी लदली आहेत, भेदरं आहेत, मुळे आहेत, पण तुम्ही वांग्याला नाही म्हटलं, तर हे मुळ्यालाही हात लावत नाहीत. म्हणतात, काकाजीनं लिहिलं ते लाखोरीचंच, जे लागू पडलं ते सोडू नये. तिन्ही वेळ लाखोरी.

परवा पहाटे उठून पाहिलं तर गोठ्यात बैलांच्या दुधाचं भांडं बोटानं पुसून चाटत होते. मला पाहून लाजले. म्हणाले, भांडं धुऊन राह्यलो.

एक विनंती आहे. दिवसातून एक वेळ भात आणि वाटीभर दूध देऊ द्यावं. तुम्ही लिहिलंत तरच ते खातील. मी तुमच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले, तुमच्यापुढे कधी बोलले नाही. आज मागते.

तुमची
प्रेमिला


ब्रह्मपुरी,
ता. १३ नोव्हेंबर १९५४

सौ. प्रेमिला हीस आशीर्वाद.
तुझे पत्र पोहोचले. अक्षर अजून उभेच काढतेस, रेघेवर बसवत नाहीस.

तुझ्या पत्रामुळे शाळेचे दिवस आठवले. दुपारी शिदोऱ्या सोडण्यापूर्वी मी तुम्हा मुलांकडून कविता म्हणवून घेई. जो चुके तो पुन्हा पहिल्यापासून. भुकेली मुले किती सुरेख म्हणत! पोट भरल्यावर तोच वर्ग बेसूर होई. भुकेवाचून आवाजाला धार येत नाही, हे मी जन्मभर पाहिले. तू तर शेवटच्या कडव्यावर नेहमी रडत असस.

तेव्हा भात नाही, दूध नाही. दूध हरण्या-कवड्याचे आहे. बैलाच्या तोंडचे काढून धुरकऱ्याला पाजायचे, म्हणजे छकडीवर बैल बसवून मनसारामला जुंपायचे काय? तसा तो दिसायला शोभला असता, पण आता बारीक झाला म्हणतेस.

पुन्हा असे पत्र आले, तर डोमाला बोलावणे धाडीन. मनसारामला ते सोसायचे नाही, हे तुला माझ्याहून अधिक ठाऊक आहे.

मी दिवाळीला येऊ शकलो नाही, कारण गुडघे कुरकुरतात. इकडे विद्यार्थ्यांच्या घरून फराळ आला. चिन्नोर तांदळाचा भात, त्यावर तूप आणि वैनगंगेचे ताजे मासे, असे एकट्याचे जेवण चालू आहे. एकटेपणा खायला उठतो म्हणून मीच आधी खाऊन घेतो.

दादांची छकडी तेल देऊन ठेवावी. माघ दूर नाही.

भैयाजी


मोहझरी,
ता. ५ जानेवारी १९५५

तीर्थरूप काकाजींचे पायी मनसारामचे दंडवत.
जोडी झकास आहे. हरण्या नुसता फुरफुरते. बांधीत लाखोरी हिरवीगार आली, तिचे शेंडे खुडून ताजी भाजी चालू आहे. सुकवलेल्यापेक्षा गोड लागते. श्लोक म्हणतो. आता तोंडपाठ झाला, झोपेतही म्हणतो असं प्रेमिला सांगते.

एक विचारायचं होतं. रागावू नका. महिना झाला, पोटऱ्या लाकडासारख्या होऊन राह्यल्या. सकाळी उठलो का पाय आपले वाटत नाईत. चालतो तं टाच खाली टेकत नाई, चवड्यावरच चालतो, आन् गुडघे एकमेकाईले घासतात. परवा बांधावरून पडलो. डोमा पाहत होता. म्हणे, काऊन भाऊ, नाचून राह्यले का?

प्रेमिला म्हणते गडचिरोलीले डाक्तरपाशी जाऊ. मी म्हटलं काकाजीले विचारू. तुम्ही शिकले-सवरलेले आहात.

तुमचा
मनसाराम


ब्रह्मपुरी,
ता. ११ जानेवारी १९५५

चि. मनसाराम यास आशीर्वाद.
तुझे पत्र वाचून मला इतका आनंद झाला, की मी ते शेजाऱ्यांना वाचून दाखवले.

अरे वेड्या, टाच टेकत नाही हीच तर खूण! पक्षी कधी टाच टेकून चालतो काय? हरीण टेकते? जो जो प्राणी हलका, तो तो चवड्यावर चालतो. अंगातली चरबी उतरते ती पायांवाटे उतरते. म्हणून तिथे ताठरपणा. दादाही पटाच्या दिवशी चवड्यांवर उभे असत. तुझ्या पायांत दादा उतरू लागले आहेत, असे समज.

डॉक्टरकडे मुळीच जाऊ नये. तो तुला भात खा म्हणेल, त्याचे काय जाते? काम थोडे वाढव, पाय मोकळे होतील. भाजीही थोडी वाढव.

आता थोडेच दिवस राहिले. पटाच्या मैदानावर भेटू. मी फेटा बांधून येणार आहे.

तुझा अभिमानी
भैयाजी


ब्रह्मपुरी,
ता. ३१ जानेवारी १९५५

सौ. प्रेमिला हीस अनेक आशीर्वाद.
तू पटाला आली नाहीस, म्हणून हा पहिला वृत्तान्त तुला. घाईत लिहितो आहे, अक्षर सांभाळून घे.

जिंकलो! सूर्य वर येत होता, मैदानावर धुके होते, आणि त्या धुक्यातून हरण्या आणि कवड्या निघाले ते जणू माझ्या बालपणातूनच निघाले. छकडी जमिनीला लागत होती की नाही कोण जाणे. वर मनसाराम, एवढासा, वाकलेला. मी डोळे मिटले तर दादा, उघडले तर दादा. लोकांनी मला उचलून धरले. माझ्या श्लोकाचे अक्षर अन् अक्षर खरे झाले.

गंमत ऐक. जिंकल्यावर धुरकरी उडी मारून उतरतो, बैलांच्या गळ्यात पडतो. आपला पठ्ठ्या मात्र छकडीवरून उतरलाच नाही. राजासारखा बसून राहिला. मी म्हटले उतर, तर माझ्याकडे नुसता पाहून हसला. शेवटी पोरांनी त्याला खांद्यावर घेतले आणि मिरवला. त्याचे पाय असे लोंबत होते, की डोमा म्हणाला, भावल्याचे पाय असतात तसे.

मग बाजारात गेल्या वर्षीचाच काटा. एका पारड्यात पोते, एका पारड्यात मनसाराम. या वेळी पोते खाली आणि तो वर! सगळे टाळ्या पिटत होते. त्याला वर तसेच ठेवून आम्ही चहा प्यायलो. रडत होता बिचारा, आनंदाने.

बैलबंडीत गवत घालून डोमाबरोबर त्याला पाठवला आहे. त्याला दोन दिवस झोपू दे. थकला आहे.

तुझा
भैयाजी


मोहझरी,
ता. ९ मार्च १९५५

तीर्थस्वरूप काकाजींस प्रेमिलाचा नमस्कार.
ह्यांना बैलबंडीतून डोमानं आणि मी उतरवलं. त्या दिवसापासून हे उभे राहिले नाहीत.

पटाच्या आदल्या दिवशी, तिथल्या मुक्कामावरच पाय गेले होते. छकडीवर ह्यांना गावच्या पोरांनी गुपचूप बसवलं, आणि ह्यांनी कंबर दोरीनं बांधून वरून शेला गुंडाळला, तुम्हाला दिसू नये म्हणून. पाय थकल्याचं कळलं तर तुम्ही ऐन वेळी डोमाला बसवाल, ही भीती. हे ह्यांनी मला काल सांगितलं.

गडचिरोलीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पाय पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला तो हा, की लाखोरी किती खाता. मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, कधीमधी खाल्ली तर ठीक, पण दुसरं काही नाही आणि महिनोन्महिने तीच पोटभर, म्हणजे पाय जाणारच. मी विचारलं, औषध? ते म्हणाले, "बाई, गेलेले पाय परत येत नाहीत. भाजी खायची होती तर वांगी काय वाईट होती?"

तेव्हा मला तुमचं आषाढातलं पत्र आठवलं. जोडीला लाखोरीचा दाणा दाखवू नये, पाय आखडतात. बैलाचं तुम्हाला माहीत होतं, काकाजी.

खाली ह्यांनी स्वतःच्या हातानं लिहायचं म्हटलं म्हणून जागा सोडते.

प्रेमिला

काकाजी, दंडवत. प्रेमिला रागात आहे, मनावर घेऊ नका. पाय गेले तं गेले, हात आहेत. हाक तीच आहे, जोडी वळखते. आन् आता मी हलकाच राहीन, पाय वाळून राह्यले. पुढल्या माघात मले छकडीले बांधून देजा. डोमाले जोडी देऊ नका. मनसाराम.


ब्रह्मपुरी,
ता. २० मार्च १९५५

चि. मनसाराम व सौ. प्रेमिला यांस आशीर्वाद.
पत्र पावले. वाचून वाईट वाटले. वसंत सुरू झाला आहे, पळस पेटला आहे, आणि अशा दिवसांत अशी वार्ता.

पण लाखोरीला दोष देणे हा डॉक्टरांचा पोरकटपणा आहे. या झाडीपट्टीत कोण लाखोरी खात नाही? मी लहानपणी खाल्ली, दादांनी खाल्ली. बैलाचे शास्त्र बैलाला, माणसाचे माणसाला. लाखोरीने माणसाचे काही वाईट झाल्याचे मी कुठे वाचलेले नाही. मनसारामला वारा लागला असेल.

मनसाराम, तुझी कळकळ मला समजते. पण या वेळी धुक्यात खपले; एरवी सुरुवातीला धुरकऱ्याला जोडीबरोबर चार पावले धावून मग छकडीवर झेप घ्यावी लागते. बांधलेला माणूस मैदानात कसा दिसेल? लोक पुन्हा हसतील, आणि आता मला ते आवडायचे नाही. जोडी मी डोमाला दिली आहे. तो संक्रांतीपासूनच माझ्याकडे येऊन बसत होता. येत्या आठवड्यात बैल नेईल. त्या वेळी तू हाक मारू नयेस, बैल अडतात.

आता माझे. गुडघे पार बसले. इथल्या डॉक्टरांनी सांगितले, की वजन उतरवा नाहीतर अंथरूण धरा. भात-तूप बंद, भाज्या भरपूर खा. एकट्याला हे कोण करून घालणार? तुम्हांवाचून मला कोण आहे? अक्षयतृतीयेपर्यंत घर बंद करून कायमचाच तिकडे येतो. प्रेमिलाच्या हाताला चव आहे. मनसारामजवळ बसून कविता म्हणत जाईन, त्याचेही मन रमेल.

तुमचा
भैयाजी


मोहझरी,
ता. २ एप्रिल १९५५

तीर्थस्वरूप काकाजींचे चरणी प्रेमिलाचा नमस्कार.
डोमा बैल घेऊन गेला. ह्यांनी हाक मारली नाही. तोंडात पदराचा बोळा धरून बसले होते, माझ्याच पदराचा. तरी कुपाटीपाशी हरण्या थांबला. डोमानं शेपटी पिरगाळली तेव्हा हलला.

तुम्ही जरूर यावं. ह्यांच्या खाटेशेजारी तुमची खाट टाकली आहे. अक्षयतृतीयेपर्यंत थांबू नये, लवकर यावं.

जेवणाची काळजी नको. उपाशी ठेवणार नाही, पोटभर वाढीन. डॉक्टरांकडून आल्या दिवशी मी कोठीतली लाखोरी उकिरड्यावर टाकणार होते. मग तुमचं पत्र आलं, की लाखोरीनं माणसाचं काही वाईट होत नाही. तुम्ही गुरुजी, तुमचा शब्द मी कशी मोडू? ठेवून दिली. यंदा बांधीतही पुष्कळ झाली आहे. पाला सुकवला आहे, डाळ दळून आणली आहे. भाजी घट्ट करीन, वरण करीन, भाकरही तिचीच थापीन. वांगी तुमच्या ताटात येणार नाहीत. ती आता ह्यांच्यासाठी, भातासोबत.

ताट पुढे आल्यावर आधी श्लोक म्हणावा लागेल. चुकलात तर पहिल्यापासून. तुम्ही शिकवलेलं मी विसरले नाही.

टाच टेकेनाशी झाली की कळवावं, म्हणजे शेजाऱ्यांना बोलावून सांगता येईल.

वाटेकडे डोळे लावून आहे. आपल्या घराच्या पायऱ्या उंच आहेत, चढताना जपावं. उतरायचं मग पाहू.

तुमची विद्यार्थिनी
प्रेमिला